मूळ गाव कोणतं लिहायचं?

गौरी-गणपती आटोपले, भात पोटरीत आलंय, नवरात्राच्या साफसफाईला अजून थोडे दिवस आहेत. तेवढ्या सवडीत आज जरा मागचं बोलू या.

गेल्या महिन्यात आमच्या आठ-दहा गटांच्या प्रतिनिधींची बैठक होती. पूर्वेकडच्या पाड्यांवरून बाया आल्या होत्या, पश्चिमेच्या वाड्यांतून आल्या होत्या, बंदरावरून दोघी होत्या. एका गटात एक जागा रिकामी होती. गावात भाड्याने राहायला आलेल्या एका बाईने अर्ज दिला. तिचं माहेर खान्देशातलं, सासर रत्नागिरीकडचं, मधली पंधरा वर्षं नालासोपाऱ्याच्या चाळीत गेलेली. अर्ज वाचून होतोय तोच एक जण म्हणाली, "ती इथली नाही. उद्या कर्ज घेऊन गेली तर कुणाचं दार वाजवायचं?" शंका काही अगदी वेडगळ नव्हती. एकीचा हप्ता चुकला की गटाच्या खात्यावर डाग पडतो, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. पण मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मग आधी इथली कोण ते तरी ठरवा."

चहा येईपर्यंत एकेकीने सांगायला सुरुवात केली. वाडवळ घरातली म्हणाली, "आमचे पूर्वज बिंब राजाबरोबर आले." लाल लुगड्यातली कुपारी मावशी म्हणाली, "आम्ही सामवेदी. नंतर ख्रिस्ती झालो, पण भाषा तीच, वाडी तीच." कोळीण म्हणाली, "समुद्र होता तेव्हापासून आम्ही आहोत." आगरी बाईने मिठागरांची नावं घेतली. वारली ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आम्ही कुठून आलो नाही. जंगल होतं, आम्ही होतो." दाराशी बसलेल्या कातकरी बाईला कुणी विचारलंच नाही. तिचं पुढे सांगतो.

घरी आल्यावर आम्हाला वाटलं, हे नीट बघायला हवं. कॉलेजात इतिहास शिकलो होतो, पण त्यात वसई म्हणजे चिमाजी अप्पा आणि किल्ला, एवढंच. माणसं कुठून आली, कोण आधीपासून होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मग वाचलं, जाणत्यांना विचारलं, आणि जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

सोपाऱ्यापासून सुरू करू. आज आपण नालासोपारा म्हणतो ते कधीकाळी शूर्पारक नावाचं मोठं बंदर होतं. तिथे 'बुरूड राजाचा कोट' म्हणून एक टेकाड आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी या संशोधकाने ते खणलं, तर आत बौद्ध स्तूप निघाला. बांबूच्या टोपल्या-सुपं विणणाऱ्या बुरुडाचं नाव राजाला आणि राजाचा कोट स्तूपाला, अशी लोकांनी आपापली सांगड घातलेली! त्याच वर्षी सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. हे तुकडे आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

हा नववा लेख देशात इतर ठिकाणीही आहे, म्हणून त्यात काय लिहिलंय ते कळतं. ते वाचून आम्हाला हसूच आलं. सम्राट म्हणतो, आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, आणि बायका तर फारच करतात; करू देत, पण त्यातून फळ थोडं मिळतं. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर बाया दृष्ट काढत होत्या, बाळंतिणीची पाचवी-सहावी करत होत्या, आणि पाटलीपुत्राच्या राजाला ते दगडावर कोरून सांगावंसं वाटलं. त्याने काय केलं ते गेलं, आपल्या पूर्वजांचे विधी अजून चालू आहेत.

बंदर म्हटलं की बाहेरची माणसं येणारच. नाशिकच्या पांडवलेण्यांत सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. तो उषवदात नावाच्या माणसाचा. हा शक, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या लोकांपैकी, राजा नहपानाचा जावई. तो सांगतो की मी शूर्पारकात प्रवाशांसाठी निवारे बांधले आणि डहाणूच्या नदीवर फुकट नाव ठेवली. परक्या मुलखातून आलेल्या घराण्याचा माणूस आपल्या डहाणूच्या नदीवर फुकट नाव ठेवतो! त्याची बायको दक्षमित्रा. तिनेही नाशिकला भिक्षूंसाठी खोली कोरून दिली आणि त्यावर तिचं नाव आहे. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे बायकांची नावं फारशी मिळणार नाहीत.

पुढे अरब व्यापारी आले. त्यांच्या लिखाणात सोपाऱ्याचं नाव 'सुबारा' असं येतं. तेव्हा शिडाची गलबतं वाऱ्यावर चालत. वारा फिरला की यायचं, उलटा फिरला की जायचं, मधले महिने बंदरात थांबायचं. काही जण थांबले ते राहिलेच, आणि त्यांनी इथल्या मुलींशी लग्नं केली. कोकणच्या किनाऱ्यावर मुसलमान वस्त्या अशा शेकडो वर्षांच्या आहेत, आणि घरात बोली कोकणीच.

वाडवळांची बिंब राजाची गोष्ट 'महिकावतीची बखर' या जुन्या ग्रंथात आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती १९२४ साली छापून प्रसिद्ध केली. बिंब राजा आला, त्याच्याबरोबर अनेक कुळं आली, त्यांना गावं वाटून दिली, असं त्यात आहे. वर्तक, राऊत, चौधरी, सावे, चुरी ही आडनावं आजही आपल्या शेजारी आहेत. पण बखरीत एक गोष्ट आम्ही शोधली ती काही मिळाली नाही. ही कुळं आली तेव्हा इथे जमीन मोकळीच पडली होती का? चिंबोऱ्या पकडणारं, नाचणी पेरणारं कुणी नव्हतंच का? आलेल्यांची यादी लिहिली गेली. जे आधीपासून होते त्यांची यादी लिहायला राजाला कारण नव्हतं.

आता पोर्तुगीज. यावर आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. म्हणजे २०५ वर्षं पोर्तुगीजांचं राज्य होतं. या काळात बरेच लोक ख्रिस्ती झाले, काही मनाने, काही दबावाने. त्या काळात देवळंही पाडली गेली. मग किल्ला पडला, पोर्तुगीज निघून गेले. पण गासच्या, निर्मळच्या, नंदाखालच्या वाड्या कसणारे ख्रिस्ती कुठेही गेले नाहीत. जाणार कुठे? ते कुठून आलेलेच नव्हते.

तरी आपल्यातल्याच कुणीकुणी डिसोजा, लोपीस, डाबरे, तुस्कानो अशी नावं ऐकली की "हे पोर्तुगीजांचे वंशज" असं सहज बोलून जातं. अहो, बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं नाहीतर धर्मबापाचं आडनाव लागत असे. आडनावाने रक्त बदलत नाही. सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण शेजारीशेजारी राहतात आणि दोघांची बोली एकच, कादोडी. कोळ्यांतही ख्रिस्ती आहेत आणि हिंदू आहेत, जाळं तेच आणि होडी तीच. ख्रिस्ती लग्नाला कधी गेलात तर बघा, मांडव पडतो, हळद लागते, उंबराचं पाणी आणायला बाया वाजतगाजत विहिरीवर जातात. चर्चमधलं लग्न पाद्री लावतात, पण ही कामं बायकांच्या हातातली, म्हणून ती टिकली. त्या वाडीतली राजेळी केळी, तिची सुकेळी, रहाटाचं पाणी, पानवेली, सगळं आधीचंच.

आणि उलटही बघा. पोर्तुगीज गेले, पण ते काय सोडून गेले ते आपल्या तोंडात आहे. हिशेबवहीतला पगार, मोरीतली बादली आणि साबण, कपाटाची चावी, स्वयंपाकघरातली परात, बांधकामावरचं घमेलं, बाजारातला बटाटा, कोबी, पपई, अननस. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आले. वसईतच नाही, पार चंद्रपूरपर्यंत मराठी बोलणारे हे वापरतात. तेव्हा शब्दावरून कुणाचं मूळ ठरवायचं तर आपण सगळ्याच थोड्याथोड्या पोर्तुगीज निघू.

पोर्तुगीज पुरुषांची इथल्या बायकांशी लग्नं झाली नाहीत असं मात्र नाही. गोव्यात १५१० नंतर अल्बुकर्कने अशा लग्नांना उत्तेजनच दिलं होतं. जहाजातून येत होते ते बहुतेक पुरुष, मग संसार कुणाशी करणार? आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया याच घडीतले. जन्म वसईचा, सोळाव्या शतकाच्या मध्यातला. वडील पोर्तुगीज, आई इथली. ते जपानला गेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रूसावर मारलं, १८६२ मध्ये चर्चने त्यांना संत जाहीर केलं. गासला त्यांची जत्रा भरते. त्यांच्या जन्माची, प्रवासाची, मरणाची एवढी माहिती आहे. आईबद्दल काय सांगतात? "इथली बाई." बस्स. दक्षमित्रेचं नाव दगडावर राहिलं, कारण ती राजाची मुलगी होती.

इथे आम्हाला कळलं की आपण प्रश्नच अर्धा विचारतो. तुमचं मूळ कुठलं म्हटलं की आपण बापाचं, आज्याचं, पणज्याचं सांगतो. बिंब राजाबरोबर आले ते पुरुष. गलबतातून आले ते पुरुष. आडनाव दिलं ते पाद्र्याने. आणि ज्यांच्या पोटी पुढची पिढी आली त्या बाया बऱ्याचदा इथल्याच. म्हणजे ज्या घराचा पुरुष "आम्ही बाहेरून आलो" असं अभिमानाने सांगतो, त्याच घराची अर्धी मुळं इथल्या मातीत, आजी-पणजीच्या बाजूने.

हे नुसतं आमच्या मनाचं नाही. आपल्या शरीरातला एक धागा फक्त आईकडून मुलांना जातो. घरातलं विरजण जसं आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे जातं, दूध रोज नवं आणि विरजण तेच, तसा. शास्त्रज्ञांनी हा धागा तपासला तेव्हा दिसलं की भारतात आईकडून आलेले बहुतेक धागे फार जुने, इथलेच आहेत. बाहेरची भर बापाकडच्या बाजूने जास्त पडली. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी देशातले २५ समाज तपासले. जवळजवळ सगळे निदान दोन जुन्या लोकांच्या मिश्रणातून झालेले निघाले. २०१३ च्या पुढच्या अभ्यासात दिसलं की ही सरमिसळ साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली, भिल्लांसारख्या आदिवासींपासून सगळ्यांत. मग जातीबाहेर लग्नं थांबली. म्हणजे आधी सगळे मिसळले आणि मग आपण एकमेकांच्या घरचं पाणी बंद केलं.

नावंही माणसं गरजेप्रमाणे घेतात. 'ईस्ट इंडियन' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबई आणि उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांनी हे नाव १८८७ मध्ये घेतलं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. गोव्याहून बरेच ख्रिस्ती लोक मुंबईत नोकरीसाठी येत होते. सरकारला वाटे, हे सगळे एकच. तेव्हा आपण वेगळे, आपण इथलेच, हे कळावं म्हणून इंग्रजी नाव धारण केलं. "इथले" असण्यासाठी परक्या भाषेतलं नाव! पण पोटाचा प्रश्न असला की माणूस तेही करतो. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

गेल्या चाळीस वर्षांचं तर आपण डोळ्यांनी पाहिलं. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून रस्ता मोकळा झाला होताच. १९८२ चा गिरणी संप झाला आणि गिरणगावातली कोकणातली, घाटावरची कितीतरी कुटुंबं स्वस्त खोलीच्या शोधात नालासोपारा-विरारला आली. मागोमाग उत्तर प्रदेश, गुजरात, बिहार. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत १२ लाखांहून जास्त माणसं मोजली गेली. पाण्यावरून, जमिनीवरून कुरबुरी होतात आणि त्या खऱ्या आहेत. वाडीच्या विहिरी खाऱ्या होताना बघणाऱ्या मावशीला "सगळेच बाहेरून आलेत" असं सांगून तिचा राग जाणार नाही, आणि का जावा? पण तो राग बांधकामाच्या परवान्यावर निघायला हवा. तो निघतो भाड्याच्या खोलीतल्या बाईवर.

आता त्या दाराशी बसलेल्या कातकरी बाईकडे येतो.

वारली ताई म्हणाली होती तसंच या बाईचंही. कातकरी म्हणजे कात करणारे. खैराच्या लाकडाचा गाभा शिजवून कात काढायचा, हा त्यांचा धंदा. १८७८ चा जंगल कायदा आला आणि जंगल सरकारचं झालं. खैर तोडला तर गुन्हा. मग कोळसा पाडणं, मग सावकाराच्या शेतावर, आता दिवाळी झाली की वीटभट्टीवर. सहा-सहा महिने घर बंद. म्हणजे जे इथले सगळ्यात जुने, त्यांच्या नावावर इथे सगळ्यात कमी कागद.

या बाईची मुलगी बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचंय. त्यासाठी जातीचा दाखला हवा, आणि पुढे जात पडताळणी. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख आहे. त्या तारखेआधी आपले वाडवडील इथे राहत होते याचा पुरावा द्यायचा. "आम्ही कुठून आलो नाही" हे कागदावर सिद्ध करायचं! आणि पुरावा बापाच्या बाजूचा: वडील, आजोबा, चुलते. आजोबा शाळेत गेले नाहीत, सातबारा नाही. एका कार्यालयातून तिला दोनदा परत पाठवलं. बाई घरी येऊन म्हणाली, "पोरीला सांगते, चल भट्टीवर."

कागद नसला तर पूर्वी देव कोणते, लग्न कसं लावता, बोली कोणती असे प्रश्न विचारून ठरवत. वारली लग्न धवलेरी लावते, चौक सवाशिणी लिहितात, हे नवऱ्याला विचारलं तर तो काय सांगणार? आणि शाळा शिकलेल्या, शहरात राहिलेल्या पोरीला जुनी गाणी आली नाहीत म्हणून ती वारली नाही का? २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की अशी चाचणी ही एकमेव कसोटी धरता येणार नाही, १९५० आधीच्या कागदाला जास्त वजन आहे. म्हणून कागद शोधायलाच हवा.

तर तुमच्यापैकी ज्यांची अशी अडचण आहे त्यांनी ऐका. गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात पूर्वी जन्म-मृत्यूच्या नोंदी होत आणि जातही लिहीत. आजोबा शाळेत गेले नसतील, पण त्यांच्या भावंडांपैकी कुणाचा जन्म, कुणाचा मृत्यू नोंदलेला असू शकतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करता येतो. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल मागा. नोंदीत 'कातकरी'ऐवजी 'काथोडी' लिहिलं असलं तरी घाबरू नका, सरकारी यादीत ती दोन्ही नावं एकाच ओळीत आहेत. दुसऱ्या जमाती-जातींना तारीख वेगळी आहे: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७. ही ओळ लिहून घ्या. लग्न झालेलीला दाखला माहेरच्या कागदावरच मिळतो, सासरच्या नाही. म्हणून आई-वडील आहेत तोवर माहेरचे कागद मागून ठेवा. भाऊ जमीन मागतेय समजून दचकेल, त्याला आधीच सांगा कशासाठी ते.

आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचं नाव लावायचंच आहे, आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं. तेव्हा नातवंडाच्या जन्माची नोंद करायला कुणीही गेलं तरी तुम्ही स्पेलिंगसकट बघून घ्या.

त्या भाडेकरू बाईचं काय झालं विचाराल. तिला गटात घेतलं. सहा महिने बचत, मग कर्ज, हा नियम सगळ्यांना होता तोच तिला. ओळखीला कुपारी मावशी उभी राहिली, कारण तिच्याकडून ती रोज भाजी घेऊन विकायला जाते. अर्जावर 'मूळ गाव' असा रकाना होता. तिने विचारलं, "माहेरचं लिहू की सासरचं?" आम्ही म्हटलं, दोन्ही लिही.

कातकरी बाईच्या सासऱ्यांच्या एका भावाचा जन्म वाडा तालुक्यातला, असं तिची आतेसासू सांगते. गुरुवारी आम्ही दोघी-तिघी तिच्याबरोबर तिथलं कोतवाल बुक बघायला जातोय. दिवाळीनंतर घर भट्टीवर निघेल, त्याआधी नक्कल हातात यायला हवी.